पोथीचे मोल आणि पोथीचा भाव

जुन्या मराठी वाङ्मयाचा अभ्यास ज्या हस्तलिखितांवर उभा आहे ती अभ्यासकाच्या हाती कशी येतात, हा प्रश्न मराठी संशोधनात क्वचितच विचारला जातो. पाठचिकित्सेच्या चर्चेत प्रतीचा काळ, अक्षराचे वळण, कागदाची जात, लेखनिकाचे हस्तदोष, प्रतींची वंशावळ या साऱ्यांची कसोशीने छाननी होते. ती प्रत कोणाच्या घरातून, कोणत्या अटीवर, किती मोबदल्यात आणि कोणाच्या संमतीने बाहेर पडली, याची नोंद मात्र प्रस्तावनेतील एका ओळीत आटोपते. 'ही पोथी एका सद्गृहस्थांच्या संग्रहातून उपलब्ध झाली' एवढे लिहिले की संपादक मोकळा होतो. हे सद्गृहस्थ कोण, त्यांच्याकडे ती कशी आली आणि आज ती कोठे आहे, हे विचारणे जणू शिष्टाचाराला सोडून आहे अशी समजूत रूढ झालेली दिसते. ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आलेली आहे.

या मौनाचा उगम संशोधनाच्या प्रारंभकाळात आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, त्या काळात जुन्या दप्तरांची अवस्था शोचनीय होती. मोडी कागदांच्या पुड्या बांधल्या जात होत्या, पोथ्यांना वाळवी लागली होती आणि वाडे पडत होते तसतसे माळ्यावरचे रुमाल उकिरड्यावर जात होते. अशा वेळी गावोगाव पायपीट करून जे हाती लागेल ते उचलून आणणे हाच धर्म होता. त्या पिढीचे ऋण मोठे आहे. त्यांनी ते कष्ट घेतले नसते तर आजच्या वादविवादाला विषयही उरला नसता. परंतु आपत्कालात जे क्षम्य ठरते ते पुढे रीत होऊन बसले. पोथी वाचवली आहे, एवढ्या एका समर्थनाखाली ती कशीही मिळवली तरी चालते असा संकेत निर्माण झाला. 'वाचून परत करतो' असे सांगून नेलेली पोथी परत आली नाही, ही तक्रार जुन्या घराण्यांतून आजही ऐकू येते. ती प्रत्येक वेळी खरीच असेल असे नाही. पण नेणाऱ्याने पावती दिली नव्हती आणि देणाऱ्याने मागितली नव्हती, एवढे बहुतेक ठिकाणी खरे असते.

या अनौपचारिकतेची किंमत खुद्द संशोधनालाही मोजावी लागली आहे. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरी हे याचे ठळक उदाहरण होय. त्या संहितेवर त्यांनी व्याकरण रचले, आणि तिच्या भाषिक प्राचीनतेविषयी पुढे प्रदीर्घ वाद झाला. परंतु त्या संहितेला आधारभूत असलेली मूळ पोथी नंतरच्या अभ्यासकांना तपासण्यासाठी उपलब्ध राहिली नाही. परिणामी, अमुक रूप मूळ लेखनिकाचे की संपादकाच्या वाचनाचे, हा प्रश्न पोथी समोर ठेवून सोडवण्याचा मार्गच खुंटला. येथे कोणाच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पोथी ही व्यक्तीच्या हाती राहिली आणि तिच्या पुढील प्रवासाची जबाबदारी कोणावरच नव्हती, एवढेच यातून दिसते.

महानुभाव पंथाच्या ग्रंथांचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि त्याचा जितका विचार व्हायला हवा होता तितका झालेला नाही. चक्रधरांच्या लीळा, म्हाइंभटांनी त्या संकलित करण्यासाठी केलेले परिश्रम, परचक्रात मूळ प्रती नष्ट झाल्यावर स्मरणातून झालेली पुनर्रचना आणि त्यातून निर्माण झालेले पाठभेद हा सारा इतिहास मराठी गद्याचा पाया आहे. पंथीयांनी हे ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून मठांच्या पेट्यांत जपले. ते बाहेरच्यांनी वाचू नयेत, हाच त्या लिप्यांचा हेतू होता. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, वि. ल. भावे आदींच्या प्रयत्नांनी या लिप्यांचा उलगडा सार्वजनिक झाला, आणि मराठी वाङ्मयेतिहासाचे पहिले प्रकरण नव्याने लिहावे लागले. लाभ इतका प्रचंड होता की पंथाच्या संमतीचा प्रश्न त्यापुढे क्षुल्लक वाटला. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, तेव्हा पंथातून त्यास विरोध झाला. विद्वानांनी बहुधा या विरोधाकडे संशोधनस्वातंत्र्यावरील आक्रमण म्हणून पाहिले. ती बाजू बलवान आहे, यात शंका नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीवर एका पंथाचा एकाधिकार असू शकत नाही, आणि पाठांची चिकित्सा श्रद्धेच्या परवानगीवर अवलंबून ठेवता येत नाही. तरीही एक फरक डोळ्याआड करता कामा नये. संहितेवर हक्क सर्वांचा असला तरी पोथी ही वस्तू ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, जिची पूजा केली आणि जिच्यासाठी पंजाबापासून काबूलपर्यंतच्या आपल्या अनुयायांत लिपीची विद्या जिवंत ठेवली, त्यांची ती ठेव होती. मठातील एखाद्या तरुण शिष्याला हाताशी धरून पोथी बाहेर काढणे आणि महंतांसमोर बसून तिची नक्कल करून घेणे, या दोन्हींतून हाती येणारी संहिता एकच असेल. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्या संशोधकाला मात्र उद्या पुन्हा त्या मठाचे दार उघडे असते. मराठी संशोधनाला ज्या पेट्या अजून उघडून दाखवल्या गेलेल्या नाहीत त्यांचे कुलूप अविश्वासाचे आहे.

संग्रह आणि विध्वंस यांचे नाते किती गुंतागुंतीचे असते, हे गोव्याच्या इतिहासात दिसते. सोळाव्या शतकात देवळे पाडणाऱ्या आणि पोथ्या जाळणाऱ्या राजवटीच्या छायेतच जेझुइट धर्मोपदेशकांनी स्थानिक रामायण-महाभारतकथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या. त्या संहिता आज पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. गोव्यातील मराठी आणि कोंकणी लेखनाचा तो मोलाचा पुरावा होय. ज्यांच्या धोरणामुळे मूळ पोथ्या नाहीशा झाल्या त्यांच्याच कपाटात त्यांची सावली शिल्लक राहिली. थॉमस स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'ची गत उलट झाली. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा छापून निघालेल्या या ग्रंथाची त्या मुद्रणांपैकी एकही प्रत आज ज्ञात नाही. तो टिकला तो भाविकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे, आणि त्याची देवनागरी प्रत मिळाली ती लंडनमध्ये, विल्यम मार्सडेन या इंग्रज विद्वानाच्या संग्रहात. परदेशी संग्राहक म्हटला की तो लुटारूच, अशी जी भाषा अलीकडे सर्रास वापरली जाते ती म्हणूनच अपुरी आहे. ब्रागाचे ग्रंथालय आणि मार्सडेनचा संग्रह यांत पोथी कोठे आहे हे निदान जगाला ठाऊक आहे, तिला क्रमांक आहे, तिची प्रतिमा मागता येते. हे भाग्य अनेक स्वदेशी कपाटांतील पोथ्यांना लाभलेले नाही.

येथवर उल्लेख आला तो संग्राहकांचा. बाजाराचे स्वरूप निराळे आहे. हस्तलिखिताचे मोल त्याच्या संहितेत असते, तर बाजारात त्याला भाव मिळतो तो चित्रामुळे. 'पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२' या कायद्याने किमान पंचाहत्तर वर्षे जुनी, शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यात्मक मूल्य असलेली हस्तलिखिते 'पुरावशेष' ठरवली. हा कायदा १९७६ मध्ये अमलात आला आणि खाजगी व्यक्तीने असे हस्तलिखित देशाबाहेर पाठवणे हा गुन्हा झाला. पण नोंदणीची सक्ती ज्या वर्गांना लागू करण्यात आली त्यांत हस्तलिखितांपैकी चित्रयुक्त, सुशोभित अशीच समाविष्ट आहेत. म्हणजे नुसत्या अक्षरांनी भरलेली पोथी घरात आहे की नाही, याची सरकारदरबारी नोंद होण्याचे कारणच नाही. मराठी पोथी बहुतांशी बिनचित्राची. तांबड्या शाईचे दंड, हळदीच्या रंगाचा हात, क्वचित आरंभी एखादा गणपती, एवढाच तिचा शृंगार. कायद्याने आणि बाजाराने मिळून तिला जवळपास निर्मोल ठरवले आहे, आणि या निर्मोलपणातच तिचा घात आहे.

कारण बाजार तिला सोडत नाही. तो तिची पाने करतो. सचित्र पोथी अखंड विकण्यापेक्षा पान पान करून विकणे फायद्याचे असते. इराणच्या शाह तहमास्पसाठी सोळाव्या शतकात तयार झालेल्या शाहनाम्याचे उदाहरण जगप्रसिद्ध आहे. २५८ चित्रांचा तो ग्रंथ १९५९ मध्ये एका अमेरिकी धनिकाने घेतला आणि पुढे त्याची पाने सुटी करून दान केली व विकली. उरलेला ग्रंथ १९९४ मध्ये इराणला परत मिळाला तो एका आधुनिक अमेरिकी चित्राच्या मोबदल्यात. पश्चिम भारतातील जैन कल्पसूत्रांच्या सचित्र पानांचीही अशीच पांगापांग झाली. पान सुटे झाले की पहिल्यांदा नाहीशी होते ती पुष्पिका. चित्र नसलेले ते शेवटचे पान कोणाला हवे असते? पण शक, संवत्सर, तिथी, गाव, लिहिणाऱ्याचे आणि लिहविणाऱ्याचे नाव, 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा' म्हणून मागितलेली क्षमा, हे सारे त्याच पानावर असते. ग्रंथाचा जन्मदाखला फाडून मग त्याचा 'अंदाजे काळ' ठरवण्यासाठी तज्ज्ञांना पाचारण करायचे, असा हा उफराटा व्यवहार आहे.

याहूनही क्रूर प्रकार साध्या पोथ्यांच्या वाट्याला येतो. जुन्या वह्यांची आणि पोथ्यांची पाने रद्दीच्या भावात घेऊन त्यांवर नवीन लघुचित्रे रंगवायची आणि पर्यटकांना 'जुने चित्र' म्हणून विकायची, हा धंदा राजस्थानात आणि अन्यत्र राजरोस चालत आलेला आहे. हत्तीच्या पायाखाली आणि राणीच्या ओढणीमागे देवनागरीच्या किंवा फारसीच्या ओळी अर्धवट दिसत राहतात. ते अक्षर कशाचे आहे हे घेणाऱ्याला कळत नाही आणि विकणाऱ्याला कळण्याची गरज नसते. अक्षर हे तेथे केवळ जुनेपणाची खूण असते.

या बाजारात विद्वानाचे स्थान कोणते? तो त्रयस्थ आहे, अशी त्याची स्वतःची समजूत असते. इतिहास तिला दुजोरा देत नाही. १८९० मध्ये मध्य आशियातील कुचा येथे हॅमिल्टन बॉवर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने भूर्जपत्रांची एक पोथी विकत घेतली. कलकत्त्यात रुडॉल्फ हर्नले यांनी ती वाचली. ती त्या काळी ज्ञात असलेल्या अतिप्राचीन भारतीय हस्तलिखितांपैकी एक ठरली. वाचनाची कीर्ती पसरताच इंग्रज आणि रशियन प्रतिनिधींत हस्तलिखिते विकत घेण्याची चढाओढ लागली. मागणी आली तसा पुरवठाही आला. खोतानच्या इस्लाम आखून नामक इसमाने अज्ञात लिप्यांतील 'प्राचीन' ग्रंथ विकायला सुरुवात केली. हर्नले यांनी १८९९ मध्ये त्या लिप्यांचे गंभीरपणे वर्गीकरण करून अहवाल प्रसिद्ध केला. १९०१ मध्ये ऑरेल स्टाइन यांनी आखूनला समोर बसवून प्रश्न विचारले तेव्हा सारे उघडकीस आले: कागद रंगवायचा, धुरात धरायचा, वाळूत पुरायचा आणि वर मनाला येतील तशा खुणा काढायच्या. गिऱ्हाइकाला वाचता येत नाही हे लक्षात आल्यावर त्याने हाताने लिहिण्याचे कष्टही सोडले आणि लाकडी ठशांनी छापू लागला. हर्नले हे काही सामान्य विद्वान नव्हते. उद्गमाची चौकशी न करता केवळ वस्तूकडे पाहणाऱ्याची विद्वत्ता किती असहाय होते, याचे ते उदाहरण आहेत.

शंभर वर्षांनंतर पश्चिमेत हेच नाटक मोठ्या रंगमंचावर झाले. ईजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथे १८९६ पासून झालेल्या उत्खननात लाखो पपायरसचे तुकडे मिळाले. ते लंडनच्या ईजिप्त एक्स्प्लोरेशन सोसायटीच्या मालकीचे असून ऑक्सफर्डमध्ये ठेवलेले आहेत. मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिल्या शतकातील तुकडा सापडल्याची घोषणा २०१२ मध्ये अमेरिकेत झाली आणि भाविक जगात खळबळ उडाली. २०१८ मध्ये तो प्रत्यक्ष प्रसिद्ध झाला तेव्हा दिसले की तो दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील आहे आणि सोसायटीच्याच संग्रहातला, म्हणजे कधीच विक्रीला नसलेला आहे. २०१९ मध्ये सोसायटीने जाहीर केले की तिचे तेरा तुकडे वॉशिंग्टनच्या 'म्युझियम ऑफ द बायबल'मध्ये आहेत. एकंदर सुमारे १२० तुकडे नाहीसे झाल्याचे निष्पन्न झाले. हे तुकडे विकल्याचा आरोप ज्यांच्यावर आला ते ऑक्सफर्डमधील प्राध्यापक, त्याच संग्रहाच्या संपादकांपैकी एक होते. त्यांनी आरोप नाकारले. त्याच संग्रहालयाच्या मृतसमुद्रगुंडाळ्यांचे सर्वच्या सर्व सोळा तुकडे बनावट असल्याचे २०२० मध्ये सिद्ध झाले. पैसा, श्रद्धा आणि विद्वत्तेची मोहोर एकत्र आली की पुराव्याची भूक किती लवकर मंदावते, हे यातून दिसले.

मराठीत एवढा पैसा नाही म्हणून एवढा धोका नाही, असे कोणी म्हणेल. श्रद्धा आणि अभिमान मात्र येथे मुबलक आहेत. संतांचे हस्ताक्षर, थोर पुरुषांची पत्रे, एखाद्या घराण्याची सनद यांना जे मोल येते ते पैशात मोजता येत नाही. आणि मोडी वाचणाऱ्यांची संख्या घटत चाललेली असताना खोट्या कागदाला खरा म्हणणारा एक अभिप्राय पुरेसा ठरतो. विभागातील अध्यापकाकडे एखादा गृहस्थ पोथी घेऊन येतो, काळ विचारतो, विद्यापीठाच्या कागदावर दोन ओळी मागतो. अध्यापक सौजन्याने त्या लिहून देतो. त्या दोन ओळींमुळे पोथीचा भाव काय होतो याची त्याला कल्पना नसते, किंवा नसल्याचे तो मानतो. अशा अभिप्रायाला ठाम नकार द्यावा, निदान पोथी कोठून आली हे लेखी मिळाल्याखेरीज तो देऊ नये, एवढा नियम प्रत्येक मराठी विभागाला आजच करता येण्याजोगा आहे.

मात्र 'उद्गम अज्ञात असेल तर पोथीला हातच लावू नये' असा जो कडक दंडक काही पाश्चात्त्य अभ्यासक मांडतात, तो जसाच्या तसा स्वीकारणे कठीण आहे. १९९४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीला खरोष्ठी लिपीतील, गांधारी भाषेतील भूर्जपत्रांच्या गुंडाळ्या मिळाल्या. त्या बहुधा अफगाणिस्तानातील यादवीच्या काळात बाहेर आल्या. कोणत्या विहारातून, याचा पुरावा उरलेला नाही. रिचर्ड सालोमन यांनी १९९९ मध्ये त्यांचा परिचय करून दिला आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातील बौद्ध ग्रंथ जगापुढे आले. दंडक पाळला असता तर भूर्जपत्राचा तो ठिसूळ चुरा कोठल्यातरी पेढीवर नष्ट झाला असता. दंडक मोडल्याने पेशावरच्या बाजाराला कळले की अशा गुंडाळ्यांना गिऱ्हाईक आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांतली एक नाकारून सुटका करून घेणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वाचावे, परंतु विकत घेऊ नये. प्रसिद्ध करावे, परंतु उद्गमाविषयी जे ठाऊक नाही ते पहिल्याच पानावर स्पष्ट लिहावे. आणि मूळ वस्तू अभ्यासकांना खुल्या असलेल्या ठिकाणी जाईल याची हमी आधी मिळवावी, असा मध्यममार्ग त्यातल्या त्यात समर्थनीय दिसतो. तो निर्दोष नाही.

खाजगी संग्राहक यावर एक उत्तर देतात आणि ते झटकून टाकण्याजोगे नाही. सार्वजनिक संस्थांत पोथ्या सुरक्षित आहेत काय, असे ते विचारतात. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला होऊन ग्रंथांची आणि हस्तलिखितांची जी नासधूस झाली तिचा दाखला ते देतात. ज्या संस्थेतील ऋग्वेदाच्या पोथ्यांना २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटात स्थान मिळाले तिची ही कथा, मग तालुक्याच्या गावी असलेल्या, छप्पर गळणाऱ्या ग्रंथालयाचे काय? याला उत्तर एकच आहे: संस्थेतील हानी सर्वांना कळते, तिची मोजदाद होते, तिच्याबद्दल जाब विचारता येतो. खाजगी कपाटातील हानी कोणाच्या कानावरही येत नाही. परंतु हे उत्तर देण्याचा अधिकार संस्थांनी आधी मिळवला पाहिजे. वर्षानुवर्षे सूची छापायची नाही, बाहेरच्या अभ्यासकाला पोथी दाखवताना उपकार केल्याचा आव आणायचा आणि प्रतिमा मागितली तर पत्राचे उत्तर द्यायचे नाही, असे चालू राहिले तर पोथी दान करण्यापेक्षा विकणारा गृहस्थ अधिक व्यवहारी ठरतो.

त्या गृहस्थाचाही विचार व्हायला हवा. शेती तुटलेली, वाडा वाटण्यांत विभागलेला, मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी. माळ्यावरचा पेटारा त्याच्या दृष्टीने अडचण असतो. त्याला वारशाचे प्रवचन ऐकवणारे पुष्कळ भेटतात. योग्य मोबदला, रीतसर पावती, घराण्याच्या नावाची नोंद आणि एक स्वच्छ प्रतिमासंच देणारे थोडे. भंगारवाला निदान रोख पैसे देतो. २००३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित मोहिमेने सर्वेक्षणाचे मोठे काम केले, आणि २०२५ मध्ये 'ज्ञान भारतम्' या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व अंकीय जतन करण्याची योजना जाहीर झाली. संकल्प स्वागतार्ह आहे. पण प्रतिमा घेऊन झाल्यावर मूळ पोथीला काय अर्थ उरला, अशी भावना घरात आणि संस्थेतही बळावते, हा धोका योजनाकारांनी लक्षात घेतला पाहिजे. कागदाची घडण, शाईचा थर, पुसून वर लिहिलेले अक्षर, शिवणीतले भोक या गोष्टी पडद्यावर पूर्ण उतरत नाहीत. प्रतिमेनंतर पोथी बाजारात गेली तर तिच्याबरोबर पडताळणीची शक्यताही जाते, आणि ज्ञानेश्वरीच्या त्या पोथीबाबत जे झाले त्याची पुनरावृत्ती होते.

विद्यापीठांत हस्तलिखितांवर आजही प्रबंध होतात. त्यांच्या आराखड्यात विषयाची व्याप्ती, पूर्वसंशोधन, संशोधनपद्धती आणि संदर्भसाधने यांसाठी स्वतंत्र कलमे असतात. त्यांतच आणखी एक कलम घालता येईल: पोथी आज कोणाच्या ताब्यात आहे, ती तेथे केव्हा आणि कशी आली, मालकाने वाचनाला, प्रतिमेला आणि प्रकाशनाला वेगवेगळी संमती दिली आहे काय, आणि प्रबंध पूर्ण झाल्यावर ती कोठे पाहता येईल. उत्तरे अपुरी असतील तर तसे लिहावे. रिकामी जागाही पुढच्या अभ्यासकाला काहीतरी सांगते. मार्गदर्शकाने त्या कलमाखाली सही करावी. 'एका सद्गृहस्थांच्या संग्रहातून' ही ओळ तेवढी त्या जागी चालू नये.